वाघोबाचा उपास

"कुणी हलू नका," असं म्हणून त्या माणसानं मोबाईल माझ्या गिरणीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला. दळणाला आलेल्या दोन बायका पिठाचे हात तसेच धरून थांबल्या. मोबाईलला ताप आलाय आणि डॉक्टर नाडी बघतोय, असा देखावा.

"समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर आहात," तो उठत म्हणाला. "वाचलात."

"नाहीतर काय झालं असतं?"

"नाहीतर तुमच्याकडे भरडलेलं धान्य डोंगरी धरता आलं नसतं. पिकलं डोंगरावर आणि भरडलं सपाटीला, तर शिक्का नाही. तसा नियम आहे."

कोपऱ्यात पोत्यावर बसलेल्या हौसाबाई धिंदळे म्हणाल्या, "म्हंजी वहिनी, तुमी डोंगरी ठरल्या."

"मी कधीची डोंगरी आहे, हौसाबाई. मोबाईलला आज कळलं."

तो माणूस मोकळेपणानं हसला. कर्णिक त्याचं नाव. डोंगरात पिकलेल्या अन्नाला शिक्का देणारी पुण्याची एक संस्था होती, तिचा तो तपासनीस. माणसं जोखायची मला सवय आहे. गिरणीवालीला पोत्याचं तोंड सोडायच्या आधी आत खडे किती ते कळावं लागतं. कर्णिकात मला खडा दिसला नाही. गोळीचा कागद त्यानं रस्त्यावर न टाकता खिशात ठेवला, बायकांशी बोलताना टोपी काढली. पुढं जे झालं त्याचा राग मला अजून येतो, तो बराचसा यामुळंच. माणूस वाईट असता तर हिशेब सोपा होता.

माझी गिरणी खडकी फाट्यावर, घाटाच्या मध्यावर. वर उंबरमाची, पंचवीस-तीस उंबऱ्यांचं महादेव कोळ्यांचं गाव. तिथं डोंगरउतारावर वरई होते. तुम्ही उपासाला भगर म्हणून खाता तीच; फक्त खालच्या दुकानात मिळते ती घासून पांढरीफेक केलेली असते आणि माचीवरची मातकट असते, शिजताना घरभर वास सुटतो.

कर्णिक जीपकडे वळला तसे समोरच्या गोदामातून बबनशेठ औटी रस्ता ओलांडून आले. औटी म्हणजे आमच्या फाट्याचं किराणा दुकान, धान्याचं गोदाम आणि टेम्पो, तिन्ही एकाच देहात.

"साहेब, सहज म्हणून आमच्या गोदामाचंही बघा की."

बबनशेठ 'सहज' म्हणाले की मी पदर खोचून घेते. कर्णिकनं तिथंही मोबाईल ठेवला. गोदामही डोंगरी निघालं. बबनशेठनी त्याच्या हातात थंडगार बाटली दिली आणि मला विचारलं, "वहिनी, हा शिक्का कुणालाही मिळतो का हो?"

"माल माचीवरचा असेल त्याला," मी म्हटलं.

"बरोबर आहे, बरोबर आहे," ते म्हणाले. दोनदा बरोबर म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा आपल्याशी बोलत नसतो.

शिक्का हौसाबाईंना हवा होता. माचीवरच्या बायकांचा गट त्यांनी बांधला होता. दर साली दिवाळी झाली की माचीवरच्या बायका नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरत, कांदे-टोमॅटोच्या वावरात, ते चैत्रापर्यंत. वरई औटींच्या तराजूवर जायची, ते म्हणतील त्या भावानं, आणि त्या भावात घर चालायचं नाही, म्हणून मजुरी. दोन सालांमागं हौसाबाईंची सून कांद्याच्या वावरातच पालाखाली बाळंत झाली. नातू एक दिवस जगला. त्यानंतर हौसाबाईंनी एकच धरलं होतं: वरई आपल्या नावानं विकायची, शहरातल्या दुकानाला थेट, आणि माचीवरची एकही बाई खाली उतरायची नाही. शहरातलं दुकान म्हणालं, शिक्का आणा.

म्हणून कर्णिक आला, आणि बोलणारं कुणी सोबत हवं म्हणून मी गिरणीला कुलूप लावून हौसाबाईंसोबत जीपमध्ये बसले.

गावाच्या शिवेवर वाघोबा आहे. सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चांद-सूर्य, शेंदूर. कर्णिकनं गाडी थांबवून फोटो काढला.

"याला काय वाहतात?"

"वाघबारशीला नव्या वरईची खीर," मी सांगितलं.

"वाघाला खीर?"

"मटण रोज परवडत नाही, म्हणून त्यालाही सवय लावलीय."

हौसाबाईंनी मागून समजावलं, "साहेब, त्यानं खीर खाल्ल्याबिगर नवं धान आमी तोंडात घालत नाय. आन् शिवेबाहीरबी जाऊ देत नाय. एक दाणाबी नाय. त्याच्या राज्यात पिकलं, पयला घास त्याचा."

"किती सुंदर," कर्णिक म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं. वाघबारस अजून चार-पाच दिवसांवर होती.

माचीवर त्यानं काम चोख केलं. उतार पाहिले, बायकांना बियाणं विचारलं, खळ्यावर पडलेल्या नव्या वरईच्या राशी पाहिल्या. मग तो हौसाबाईंच्या पडवीत चहाला बसला आणि मी खळ्यावरच्या बायकांत रमले. नमुना त्यानं कधी मागितला, कुणी दिला, मला दिसलं नाही. परतताना त्याच्या मांडीवर सुती पिशवी होती, दोरा बांधून लाख लावलेली. हौसाबाई शिवेपर्यंत पोचवायला आल्या. "घरी सांगा, माचीवरच्यांनी दिलंय म्हनून," असं म्हणाल्या. मला वाटलं, निरोपाची रीत.

*

दिवाळीनंतर महिनाभरानं पाकीट आलं. गटाचं टपाल माझ्या गिरणीच्या पत्त्यावर यायचं. कागद इंग्रजी-मराठी दोन्हींत होता आणि दोन्हींत एकच म्हणत होता: नमुन्यातली वरई डोंगरउतारावरची नाही, सपाटीवरची आहे, यंत्रावर घासलेली आहे. अर्जदार गटानं बाहेरचा माल स्वतःचा म्हणून दिला. भेसळ. तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.

हौसाबाई बाजाराला उतरल्या तेव्हा मी पट्टा बंद केला आणि वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं.

"बाहीरची तर हायेच ती," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वानवळा दिला न्हवं का साहेबाला. तो म्हनला, थोडी द्या, घिऊन जातो, घरात आसंल ती द्या. आता पाव्हना तोंडानं मागतोय, रिकाम्या हातानं कसा पाठवू? नवी तर शिवेबाहीर जात नाय, ते त्याला सांगितलंच हुतं. जुनी सरलेली. मंग नवरात्राच्या उपासाला औटीशेठच्या दुकानातून भगर आनली हुती, कोरी पुडी हुती, ती वतून दिली. म्हनलं साहेबाच्या घरी पांढरीच लागत आसंल."

मी कपाळावर हात मारला. माझ्या हातचं पीठ कपाळावर राहिलं. हौसाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि विचारलं, "चुकलं का काय?"

काय सांगणार? शेतातलं काही पाहुण्याच्या हाती द्यायचं तर त्याला वानवळा म्हणतात, आणि तो तपासून बघायचा नसतो. हे त्यांना आईनं शिकवलं. आपण दिलेला वानवळा कुणी प्रयोगशाळेत नेऊन जाळून बघेल, हे त्यांना कुणी शिकवायचं होतं?

"चला पुण्याला," मी म्हटलं. "साहेबाला शीव माहीत आहे. वाघोबा माहीत आहे. त्याच्या वहीत आहे सगळं."

*

कर्णिकनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पंखा मोठा केला. हौसाबाईंनी माचीवरची वरई आणली होती. आता वाघोबा जेवला होता, ती शिवेबाहेर येऊ शकत होती. गाठोडं त्यांनी मेजावर ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माझा विश्वास बसतो," तो म्हणाला. "खरंच. ती प्रथा तर मी कितीजणांना सांगितली. पण नमुना एकदा लाख लावून आला की निकाल त्या नमुन्याचा. आज तुमच्यासाठी दुसरा घेतला, तर उद्या प्रत्येक भेसळवाला गाठोडं घेऊन इथं येईल."

"साहेब, दाणा बाहेर जात नाही हे तुम्हाला सकाळी सांगितलं, तुम्ही लिहून घेतलं, आणि दुपारी पिशवी मांडीवर घेऊन उतरलात," मी म्हटलं. "तेव्हा तुम्हाला वाटलं नाही, की ही आली कुठून?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ती नोंद सांस्कृतिक भागात होती," तो म्हणाला. "नमुन्याचा भाग वेगळा असतो."

त्याच्या वहीत वाघोबा एका पानावर राहत होता आणि वरई दुसऱ्या. मधे शीव होती, आणि ती ओलांडायची त्याला परवानगी नव्हती.

मग त्याला काहीतरी आठवून चेहरा उजळला. आम्हाला बरं वाटावं असं त्याला मनापासून वाटत होतं. "पण एक आनंदाची बातमी आहे. उंबरमाचीच्या वरईला शिक्का मिळालाय. गेल्याच आठवड्यात. इतका उत्तम नमुना या वर्षात दुसरा आला नाही." त्यानं खणातून पिशवी काढली. हिरवी, चकचकीत. वर शिक्का, खाली 'अस्सल उंबरमाची वरई', आणि मधोमध आमचा शिवेवरचा वाघोबा, चांद-सूर्यासकट. पाठीमागं बारीक अक्षरांत: औटी ॲग्रो फूड्स, खडकी फाटा.

हौसाबाईंना अक्षरं वाचता येत नव्हती. वाघ वाचता आला.

"ह्यो आमचा," त्या म्हणाल्या. "कुनी दिला?"

मी पाठीमागचं वाचून दाखवलं.

"शेठनं नमुना कंदी दिला, साहेब?"

"दिवाळी झाल्यावर लगेच."

हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "वहिनी, वाघबारशीच्या दुसऱ्या दिशी त्याचा टेम्पो वर आला हुता. दर सालासारखा. सनाला तेल-गूळ लागतो. माझ्याच कनगीतली दोन पोती दिली म्या."

मी जमा-खर्च मांडून दाखवला, कारण मला तेवढंच येतं. "साहेब, नीट ऐका. औटीच्या दुकानातली भगर हौसाबाईंच्या नावावर तुमच्याकडे आली आणि नापास झाली. हौसाबाईंच्या कणगीतली वरई औटीच्या नावावर आली आणि पहिली आली. भेसळवाली ठरली ही. अस्सल ठरला तो."

कर्णिकनं पिशवी उलटी करून मागची अक्षरं वाचली. मग म्हणाला, आणि मी मरेपर्यंत हे वाक्य विसरणार नाही, "म्हणजे एका अर्थी माल तुमचाच पास झाला की. तुम्ही त्यांना देत राहा. गावाचं नाव तर झालं."

हौसाबाईंनी गाठोडं परत बांधलं. वानवळा ठेवायची रीत असते, त्यांनी ठेवला नाही.

फाट्यावर उतरलो तर बबनशेठ दुकानाच्या पायरीवर. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "हौसाबाई, तुमचं नाव पार पुण्यापर्यंत नेलं मी," ते म्हणाले. "यंदा पायलीमागं रुपया वाढवून देतो. आता खूश?"

"वाघाचं किती देता?" मी विचारलं.

"कोणत्या वाघाचं?"

"पिशवीवर बसवलाय त्याचं."

"वहिनी, तुमची जीभ एक दिवस तुमच्याच जात्यात सापडेल," असं म्हणून ते हसले. मी हसले नाही. हसण्यावारी न्यायची माझी सवय त्या दिवशी मोडली.

त्या साली माचीवरच्या बायका पुन्हा नारायणगावला उतरल्या. औटींच्या गोदामात वर्षभर टेम्पो येत राहिले, सगळे खालून, सपाटीवरून. वरून आलेली पोती मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. रात्रंदिवस वाघ छापलेल्या पिशव्या भरल्या जात होत्या. मी पुण्याला दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, वार्षिक तपासणीच्या वेळी ताजा नमुना अर्जदाराच्या नमूद क्षेत्रातून समक्ष घेतला जाईल. मी ते हौसाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी 'समक्ष' म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं, त्यात काही नाही म्हणून गप्प झाल्या.

*

पुढच्या वाघबारशीला मी माचीवर गेले ते खिरीचं आमंत्रण गृहीत धरून. खळ्यांवर राशी होत्या. चुली थंड होत्या. वाघोबापुढं शेंदूर नवा होता, फूल होतं, खीर नव्हती. सगळं गाव तिथं बसलं होतं आणि भगत चिमाबाबा हातात नारळ घेऊन संतापानं ओरडत होते.

"देव उपाशी ठिवायचा म्हनती ही. बापजाद्यांत कुनी केलं नाय."

"बाबा, आपन उपाशी ऱ्हातोच की," हौसाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एक साल त्यालाबी कळू दे. त्यानं खाल्लं की धान शिवेबाहीर जायाला मोकळं. मोकळं झालं की शेठचा टेम्पो. टेम्पो आला की साहेब. मंग त्यानं खाऊच नये."

"आन् आपन काय खायाचं? त्यानं खाल्ल्याबिगर आपल्यालाबी नवं चालत नाय. समदं साल?"

"रेशनचं खाऊ."

"आन् ते सरलं की?"

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. नारायणगाव. जे टाळायला ही सगळी उठाठेव केली तेच. मला वाटलं बायका मोडतील. एक तरणी बाई उठली. हिचं पहिलं पोर मागल्या साली कांद्याच्या वावरात तापानं गेलं होतं. ती वाघोबापाशी गेली, पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, आमच्यासंगं ऱ्हा." चिमाबाबांनी डोळे पुसले आणि हातातला नारळ न फोडताच खाली ठेवला. कणग्यांची तोंडं त्या संध्याकाळी शेणानं लिंपली.

दिवाळी सरल्यावर कर्णिकची जीप आली. पुढं बबनशेठ बसलेले. मला बोलावलं नव्हतं. मी मागच्या सीटवर आपणहून बसले. शिवेवर हौसाबाई आणि आठ-दहा बायका उभ्या होत्या.

"नमुना घ्यायचाय," कर्णिक म्हणाला. "या वेळी मी स्वतः खळ्यावरून घेणार. नियमच तसा झालाय."

"घ्या की. पर अजून वाघोबा जेवला नाय, साहेब. दाना शिवेबाहीर जायाचा नाय. तुमच्या वहीत हाये ते."

"वाघबारस होऊन गेली ना?"

"गेली. त्याचा उपास हाये."

बबनशेठ गाडीतून उतरले. "हौसाबाई, थट्टा पुरे. देवाला उपाशी ठेवता? पाप लागेल. भाव वाढवून हवा तर सरळ बोला."

"पाप आमचं आमी बघू, शेठ. तुमी तुमचा भाव बघा." मग त्यांनी कर्णिकपुढं हात केला. हातात हिरवी पिशवी होती, वाघ छापलेली, फाट्यावरच्या दुकानातून विकत आणलेली. "रिकाम्या हातानं पाठवत नाय आमी. मागल्या टायमाला हीच दिली हुती. तवा हिच्यावर वाघ नव्हता, आता हाये. न्या. लाख लावा. पुन्हा नापास करून दाखवा."

कर्णिकनं पिशवीला हात लावला नाही. बबनशेठकडे पाहिलं, त्यांनी डोंगराकडे. "साहेब, दुसऱ्या माचीवरून देतो ना नमुना," ते हळूच म्हणाले. कर्णिक म्हणाला, "शिक्क्यावर नाव या माचीचं आहे." पहिल्यांदाच त्याची दोन पानं एकमेकांना चिकटली. तो जीपमध्ये बसला, आणि बसताना टोपी काढली. मला त्या टोपीची इतकी चीड आली की सांगता येत नाही.

"पोरांच्या तोंडचा घास काढताय," बबनशेठ जाताना म्हणाले.

"तुमच्या तोंडचा काढलाय," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्या पोरांना सवय हाये."

त्या साली औटींच्या पिशवीवरून शिक्का गेला. तो हौसाबाईंच्या पिशवीवर आला, असं लिहायला मला आवडलं असतं. आला नाही. त्यांच्या नावापुढं कागदावर भेसळच राहिली.

माचीची वरई भरडायलाच आली नाही, तेव्हा माझी गिरणीही त्या हंगामात अर्धी झोपली होती. अशा एका सकाळी बायका खाली उतरल्या, डोक्यावर बोचकी, नारायणगावच्या गाडीसाठी. हौसाबाई पाणी प्यायला दारात थांबल्या. सून सोबत दिसली नाही.

"तिला वरच ठिवली," त्या म्हणाल्या. "दिस ऱ्हायलेत तिला. समद्या बायकांनी ठरवलं, तिच्या वाटची मजुरी आमी करू. ती कनग्या राखती."

मी तांब्या परत घेतला. मोडलेली चेष्टेची सवय पुन्हा वर आली. "वाघोबा काय म्हणतोय? निघताना भेटलात की नाही?"

"भेटले की. भूक लागली म्हनला."

"मग?"

हौसाबाईंनी बोचकं डोक्यावर घेतलं, दोन्ही हातांनी नीट बसवलं.

"म्हनलं, लागू दे. खीर खाऊन खाऊन पार मांजर झाला हुतास."

गाडी आली, त्या चढल्या, आणि गाडी उतरणीला लागली.